बचावफळी आणि कोंडवाडा

स्कारवीक,
सोमवार, २२ सप्टेंबर

तीर्थस्वरूप मार्युनताईच्या पायांशी (जे पाय पन्नाशीतही माझ्यापेक्षा जोरात धावतात, असं तिकडे डेन्मार्कातल्या ऑरहूसहून येणारी माणसं मुद्दाम मला ऐकवतात) धाकट्या रोईचा वाकून नमस्कार.

आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत. तुझ्या भावजयीचा, बिर्ताचा, खांदा उन्हाळ्यात धरला होता, तो माझ्यावर ओरडताना हात झटकला तेव्हा आपोआप सुटला. मेंढ्या यंदा अंगानं चांगल्या भरल्यात. वारा आहेच. तुझा गुडघा कसा आहे? तू शिकवतेस त्या मुलींचा फुटबॉल-संघ वरच्या गटात गेला, हे मला पेपरात वाचून कळलं. सख्ख्या भावाला पेपरात वाचावं लागतं, एवढंच म्हणतो, पुढे काही म्हणत नाही. मी गावच्या संघाचा प्रशिक्षक झाल्यापासूनच्या तीन वर्षांत तुला चार पत्रं टाकली, हे पाचवं. एकाचंही उत्तर नाही. बिर्ता म्हणते, तू फोडतच नसशील. मी म्हणतो, वाचते आणि घडी घालून ठेवते. लहानपणीही ताई आधी ताट संपवायची आणि मग भांडायची. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं ‘बरं’ म्हणतेस आणि ठेवतेस. पत्राला निदान मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं म्हणा.)

तर हकिकत अशी. नुसती हकिकत आहे गं, मागणं काही नाही, घाबरू नकोस. येत्या रविवारी आपल्या मैदानावर हामारनेसशी शेवटचा सामना आहे. आपण त्यांच्याहून एका गुणानं वर आहोत (म्हणजे ते आपल्याहूनही वाईट खेळतात, हे मी नाही, गुणतक्ता म्हणतो). बरोबरी झाली तरी तरलो. हरलो तर संपलो, कारण दोन्ही गावांत मिळून धड पळू शकतील अशी वीस माणसं उरलेली नाहीत, आणि दोघांत जो खाली राहील त्यानं पुढच्या वर्षी वरच्यात मिसळून जायचं, असं कमिट्यांनी उन्हाळ्यातच सही-शिक्क्यानिशी ठरवलंय. मिसळायचं म्हणजे काय, तर त्यांचं नाव, त्यांचा तो पिवळाधमक सदरा आणि त्यांचं मैदान. आजोबांनी दगड वेचवेचून सपाट केलेल्या आपल्या मैदानावर मग मेंढ्या चरायच्या. मला रात्री हे आठवलं की उठून पाणी प्यावं लागतं.

यंदा सुरुवात मी मोठ्या थाटात केली होती. हिवाळाभर टीव्हीवर परदेशातले सामने बघून मी एक पद्धत उचलली. चेंडू गेला रे गेला की मागे पळायचंच नाही, अकराच्या अकरा जणांनी समोरच्यावर झडप घालायची, त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. कागदावर मी बाण काढले तेव्हा बिर्तासुद्धा ‘छान दिसतंय’ म्हणाली. पहिल्या सामन्यात आपल्या लोकांनी खरोखर झडप घातली, नाही असं नाही. अकरा मिनिटं घातली. बाराव्या मिनिटाला ज्यांना श्वास घेता येत नव्हता ती सगळी आपलीच माणसं होती. टुम्मास मधल्या वर्तुळात गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला तो मध्यंतरापर्यंत तिथेच. सात-शून्य. आपले अध्यक्ष येन्स पाउली पुढे होऊन माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “रोई, पद्धत झकास आहे रे तुझी. आता तिला शोभतील अशी माणसं तेवढी आण.”

हे मला झोंबलं. आठवडाभर टपाल वाटताना मी तेच चघळत होतो. माणसं कुठून आणू? जी आहेत ती ही आहेत. मग मला असं सुचलं (तू हसशील, कारण हे तू मला पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतंस, पण मला ते आत्ता सुचलं), की माणसं बदलता येत नसतील तर पद्धत बदलावी. कोणाला काय येतं ते आधी बघावं आणि त्यावर बचाव बेतावा. मी एक वही घेतली. पोस्टमनला घराघरात शिरता येतं. पत्र देताना मी प्रत्येकाला न्याहाळायला लागलो. कोण कसा चालतो, कशाला चिडतो, काय झालं तरी सोडत नाही. दोन बायकांनी बिर्ताकडे तक्रार केली की रोई हल्ली आमच्या नवऱ्यांकडे टक लावून बघतो.

पहिला सापडला होग्नी. तोच तो, वृद्धाश्रमात कामाला आहे तो, लालबुंद गालांचा. त्याच्या देखरेखीखालचं एकही म्हातारं माणूस सहा वर्षांत एकदाही दार उघडून बाहेर पडलेलं नाही. नजर हटत नाही त्याची! मी म्हटलं, हा जन्मजात बचावपटू आहे, याला मोकळी जागा राखायला लावण्यात अर्थ नाही, याला एक माणूस द्यावा. पुढच्या सामन्यात मी त्याला त्यांचा नऊ नंबर दाखवला आणि बजावलं, काय वाटेल ते होऊ दे, याला सोडायचं नाही. ताई, त्यानं सोडलं नाही. साठ मिनिटं त्या पोराला चेंडू दिसला नाही, नुसता होग्नी दिसत होता. मग त्या पोराचा पाय मुरगळला. होग्नीनं त्याला खांद्याचा आधार दिला, हळूहळू चालवत त्यांच्या बाकापर्यंत नेलं, बूट काढला, घोटा बांधला, वर ‘औषधं कुठली चालू आहेत?’ म्हणून चौकशी केली. तेवढ्या वेळात आपल्या डाव्या बाजूनं दोन गोल. मी ओरडून ओरडून घसा फोडला, तर म्हणतो, “तूच म्हणालास ना, सोडू नको म्हणून? एकट्याला टाकून कसा येऊ?”

आता टुम्मास आणि रेगिन. या दोघांच्या एडक्याच्या भांडणाबद्दल तुला माहीत आहेच (तू शेवटची येऊन गेलीस तेव्हा नऊ वर्षं झाली होती, आता बारा झाली). शेजारी राहतात, पण शब्द नाही. मधल्या बचावात दोघांना शेजारी उभं करायला आजवर कुणी धजावलं नव्हतं. पण मी वहीत लिहून ठेवलं होतं की, एकानं गवत कापलं की दुसरा तासाभरात कापतो, एकानं छपराला रंग दिला की दुसरा शिडी लावतो. एकमेकांच्या मागे राहणं दोघांना सहनच होत नाही. बचावाची रांग एकदम पुढे सरकली की त्यांचा माणूस ऑफसाइड सापडतो, आणि एकदम सरकणं हेच तर कुणाला जमत नाही. यांना जमलं! टुम्मासनं पाऊल टाकलं की रेगिनचं पडलंच. ओरडायला नको, खुणावायला नको. पंचाचा हात झेंडा वर करून करून अवघडला. शून्य-शून्य! येन्स पाउलींनी मला मिठी मारली. मी त्या दिवशी घरी आलो तो जमिनीवरून चाललो नाही.

आणि मग माझ्या बायकोचं मन मोठं. तिला वाटलं, इतकं छान एकत्र खेळतात, आता बोलूही देत. मला न विचारता तिनं दोघांना जेवायला बोलावलं, वाळवलेलं मटण कापलं, बटाटे वाढले, आणि दुसऱ्या ताटापर्यंत दोघंही त्या एडक्याच्या आठवणीनं रडत होते. बारा वर्षांचं वैर बिर्तानं एका संध्याकाळी मिटवलं. गावात सगळे तिचं कौतुक करतात. मंगळवारी सराव होता. चेंडू आला. टुम्मास म्हणाला, “रेगिन, तू हो पुढे.” रेगिन म्हणाला, “छे छे, आधी तू.” मी मैदानात खाली बसलो.

पण मी हार मानली नाही, हे लिहून ठेव. मी विचार केला, या एका-दोघांचं सोडा, आपल्या गावातल्या सगळ्यांना मिळून असं काय येतं, जे डेन्मार्कात कुणाला येत नाही? आणि समोर डोंगरावरून आपलीच माणसं मेंढ्या हाकत उतरत होती. एक वर कड्याशी, एक खाली समुद्राशी, मध्ये बाकीचे, हात पसरून, एका रेषेत. कुणी कुणाला सांगत नाही. एक थांबला की सगळे थांबतात, मेंढी फट शोधते आणि फट नसते. मला रडू यायचं बाकी राहिलं. हीच की आपली बचावफळी! शनिवारी मी त्यांना एकच वाक्य सांगितलं, “उद्या फुटबॉल विसरा, मेंढ्या हाका.” सगळ्यांचे चेहरे उजळले. तीन वर्षांत माझं बोलणं त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

कालच्या सामन्याचा पूर्वार्ध तू बघायला हवा होतास. मी म्हणतो म्हणून नाही, पाहुण्यांचा प्रशिक्षकसुद्धा तोंडात बोट घालून बघत होता. आपण एक-शून्यनं पुढे. त्यांच्या आघाडीवीरांना कुठून शिरावं कळेना, आमची रांग हात पसरून ‘हो-हो-हो’ करत त्यांना मागे लोटत होती. मग मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, आपल्याकडे डोंगराकडचा गोल राखायला आला. ताई, तुला आपलं मैदान आठवतंय ना? डोंगराकडच्या गोलच्या मागे, दहा पावलांवर, काय आहे? मेंढ्यांचा कोंडवाडा. मी हा विचार केलाच नव्हता. त्यांचा सात नंबर चेंडू घेऊन आला, मागोमाग दोघं. आपली रांग मधोमध उघडली. मला वाटलं चूक झाली. चूक नव्हती, सवय होती! टुम्मास एका बाजूनं, रेगिन दुसऱ्या बाजूनं अलगद वळसा घालून त्यांच्या पाठीमागे आले, होग्नीनं बगल धरली, आणि आयुष्यभर त्या उतारावरून जे करत आलेत तेच सगळ्यांनी केलं. त्या तिघांना, न बुजवता, न पांगवता, सरळ आपल्या गोलकडे हाकत नेलं. आणि ऑडमार, आपला गोलरक्षक, त्याच्या स्वतःच्या चाळीस मेंढ्या आहेत. वाड्याच्या तोंडाशी माणूस आडवा उभा राहिला तर मेंढ्या बिथरतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. तो शांतपणे बाजूला सरकला.

असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी तर ऑडमारनं गोल झाल्यावर आत शिरलेल्यांची डोकीसुद्धा मोजली.

तीन-एक. घरी जाताना टुम्मास एवढंच म्हणाला, “पण हाकले छान, नाही?”

असो. पत्र लांबलं. तिकडे थंडी पडायला लागली असेल, लोकरीचे मोजे घालत जा. तुझ्या मुलींना आशीर्वाद सांग. थोरांना नमस्कार म्हणायचं तर तिकडे तुझ्याहून थोर कुणी उरलं आहे का माहीत नाही, असल्यास सांग.

तुझा,
रोई

ता. क. बिर्तानं रुबार्बच्या मुरंब्याच्या दोन बरण्या वेगळ्या पाठवल्यात. एक फुटली तर ती रोईकडून समज, असं ती म्हणते.

ता. क. दुसरा. वर मागणं काही नाही म्हणालो ते खोटं आहे. वहीत माझ्या नावाचं पान मी काल लिहायला बसलो. रोईला काय येतं? दर रविवारी अकरा घरं फिरून अकरा माणसं वेळेवर मैदानावर आणणं येतं. टुम्मासची पाठ, होग्नीची कामाची पाळी, ऑडमारची बोट, सगळं सांभाळून आणतो. गेल्या तीन वर्षांत एकदाही दहा जणांनिशी उतरलो नाही. बस. बचाव कसा लावायचा हे मला येत नाही. कोणाला काय येतं ते मला दिसतं, पण पुढे त्याचं काय करायचं ते तुला दिसतं. त्यांना हाकणं येतं ही गोष्ट खरी आहे ना? मग डोंगराकडच्या गोलचं काय करायचं, ते तू एका मिनिटात सांगशील. आणि तीन वर्षांपूर्वी प्रशिक्षक निवडायच्या सभेत, तू खास त्यासाठी बॅगा भरून आली होतीस तेव्हा, पाच हात तुझ्या बाजूनं होते आणि पाच माझ्या. अकरावा कुणाचा होता हे तू कधी विचारलं नाहीस. माझा होता, ताई. मी स्वतःसाठीच वर केला. दुसऱ्या दिवशी तुला विमानतळावर सोडायला मीच आलो आणि वाटेत हवेबद्दल बोललो. मला त्याची लाज वाटते. चार पत्रांत हे लिहायचं होतं, चारही पत्रांत हवेबद्दल लिहिलं.

ता. क. तिसरा. शनिवारचं दुपारचं विमान आहे. हे पत्र मी स्वतःच्या हातानं पिशवीत टाकतोय, गुरुवारी तुझ्या दारात येईल. काल रात्री कमिटीपुढे मी राजीनामा दिला आणि सांगितलं की मार्युन प्रशिक्षक व्हायला हो म्हणाली आहे. सगळे उठून उभे राहिले. येन्स पाउली रडले. होग्नीनं त्यांचा हात धरला, तो अजून सोडलेला नाही. तेव्हा आता तू आली नाहीस तर गाव मला समुद्रात टाकेल आणि बरोबरच करेल. शनिवारी पाच वाजता अकराच्या अकरा जण मैदानावर हजर असतील, ती जबाबदारी माझी. बारावी तू आहेस, आणि तुला आणणं मला जमेल की नाही, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.