कॉलरमध्ये दोन बोटं

१४ तारीख, मंगळवार, सकाळी अकरा

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. कंबर नाही म्हणते, पण वाकलो असं धरून चाल.

आज उठल्यापासून कानात एकच आवाज आहे. शाळेच्या खिडकीतून तुझ्या वर्गाची कविता ऐकू यायची ना, चाळीस पोरं एका सुरात, आणि शेवटच्या ओळीला तू एकटीच अर्धा सूर वर. मघाशी तीच म्हणायला गेलो, तर आवाज मध्येच बसला. हवा बदलली असेल.

इकडे सगळे मजेत. मुलगा दुकान बघतो, मी फक्त मापं घेतो. पण ताई, या घरात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

चार महिन्यांपासून माझे सगळे सदरे गळ्याशी आवळताहेत. मला वाटलं, सूनबाई मुद्दाम कढत पाण्यात धुऊन आटवते. विचारलं, तर म्हणाली, "बाबा, कढत पाणी फक्त तुमच्या आंघोळीला लागतं." मग माझा संशय कारागिरावर. त्यानं माझी टेप बदलली असणार. त्याची टेप मागून घेतली आणि मान मोजली. चाळीस वर्षं पंधरा इंच होती, आता पावणेसोळा. म्हणजे दोन्ही टेपा फितूर.

परवा एक नर्सबाई शिवलेला गणवेश घालून बघायला आली. कॉलर नीट बसली का बघायला आपण गिऱ्हाइकाच्या कॉलरमध्ये दोन बोटं घालतो, तशी घातली. ती माझ्याच मानेकडे बघत म्हणाली, "मास्तर, हे किती दिवसांचं?"

"कालचं. डास चावला."

"मोठा डास दिसतोय. दुखतं का?"

"अजिबात नाही."

"मग तर दाखवाच. तीन आठवड्यांच्या वर राहिलेली गाठ दाखवायची, दुखत नसली तरी. आणि ती तंबाखू आजच सोडा."

डबी मी खिशातून काढलीही नव्हती. हिला कसं कळलं? सुनेनंच पढवून पाठवली असणार. सून हल्ली गॅलरीत जाऊन फोनवर हळू बोलते. मी गेलो की, "बरं, ठेवते."

बघ, किती लिहिलं आणि काय लिहिलं नाही. कोणी सदरे आटवले नाहीत, ताई. डाव्या कानाखाली ती गाठ मला चैत्राच्या आधीच हाताला लागली होती. सदऱ्याच्या बटणाएवढी होती, आता कोटाच्या बटणाएवढी झाली. टणक आहे, हलत नाही. दुखत नाही म्हणून मी गप्प बसलो, आणि सगळे झोपले की कॉलरची बटणं उसवून पुढे सरकवून लावत बसलो. हजारो माना तपासल्या, स्वतःच्या मानेला मात्र बटण सरकवलं. डॉक्टर काय म्हणेल ते ऐकायचं नाही, एवढंच. आवाज गेला तर कविता कशी म्हणू

दार वाजलं. थांब.

ताई, दारात तू आहेस. काठी टेकून, धापा टाकत, तीन जिने चढून. सून तुझी पिशवी घेतेय आणि माझ्याकडे बघत नाहीये. फोनवर तूच होतीस तर.

आता हे टपालात टाकत नाही. पाणी पिऊन झालं की तुझ्या हातात देईन, कारण तोंडानं मला सांगता येणार नाही. वाचून झालं की नुसतं "चल" म्हण. मी चपला घालून बसतो.

तुझा, घाबरलेला,
धाकटा