मौनीबाबांचा निरोप

९ मार्च, शनिवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तू म्हणशील, आता नाटकं नकोत. म्हणून नुसता नमस्कार. भावोजींना आणि मुलांना माझी आठवण सांग. मी ठीक आहे. डावा गुडघा कुरकुरतो, चष्म्याचा नंबर वाढलाय आणि खिडकीतली दोन्ही झाडं गेली. पाणी जास्त झालं म्हणे.

आधीच्या पत्रांना तुझं उत्तर आलं नाही. याचंही येणार नाही, हे धरूनच लिहायला बसलेय. म्हणजे आडपडदा ठेवायचं काहीच कारण नाही, तरी बघ, सुरुवात गुडघ्यापासून केली.

बातमी अशी की मी पास झाले. मंगळवारी संस्थेनं कळवलं. तुझी बहीण आता रीतसर मनोविश्लेषक झाली, पन्नाशीला टेकल्यावर. तू जवळ असतीस तर म्हणाली असतीस, शिकता शिकता दात पडले बाईचे.

तू नेहमी विचारायचीस, डॉक्टर झालीस, त्यातही मनाची डॉक्टर झालीस, आता आणखी कसलं डोंबलाचं शिक्षण राहिलंय? मी कधी नीट सांगितलं नाही, चिडायचे. आज सांगते. वर्ग असतात, ते कोणीही करेल. मग आपले पेशंट घ्यायचे आणि त्यांच्याशी काय बोललो ते दर आठवड्याला एका ज्येष्ठ बाईंपुढे मांडायचं. तेही जमतं. खरी मेख पुढे आहे. स्वतः पेशंट व्हायचं. संस्थेनं नेमून दिलेल्या म्हाताऱ्या विश्लेषकाकडे आठवड्याचे चार दिवस कोचावर आडवं पडायचं आणि मनात येईल ते बोलायचं. तो आपल्या डोक्यामागे बसतो, दिसत नाही, आणि बोलतो तर जवळजवळ नाहीच. असं वर्षानुवर्षं, तो पुरे म्हणेपर्यंत. आपण सुट्टी घ्यायची ती त्याच्या सुट्टीतच. मध्येच माणूस बदलला तर आधीची सगळी वर्षं पाण्यात, पुन्हा श्रीगणेशा. आणि शेवटी त्यानंच समितीपुढे येऊन सांगायचं की ही बाई तयार आहे.

तू माझ्या सरांना मौनीबाबा नाव ठेवलं होतंस. तेव्हा मला राग आला होता, पण खरं सांगू, इतकं चपखल नाव आख्ख्या संस्थेत कोणाला सुचलं नसतं.

आता या धंद्यातली गंमत ऐक. इथे विश्लेषक जे करतो त्याला अर्थ असतोच, असं आमच्या डोक्यात इतकं भिनवलेलं असतं की तो शिंकला तरी आम्ही विचारात पडतो. सर गप्प राहिले की मी समजायचे, मला माझ्या रागापर्यंत जाऊ देतायत. मला चुकून दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारली, तर मी आठवडाभर त्यावरच बोलले, की मला स्वतःची ओळखच नाही वगैरे. एकदा तर अर्धा तास त्या शांततेशी भांडले, रडले, आणि वळून बघते तर खुर्ची रिकामी. सर आत चहा ठेवायला गेले होते आणि मी आलेय हेच विसरले होते. तरी घरी जाताना मी जिन्यात विचार करत होते, रिकामी खुर्ची दाखवून त्यांना काय सुचवायचं असेल. हसलीस ना? हस. मला आता हसू येत नाही.

आई शेवटच्या आजारात होती तेव्हा मी दोन दिवस येऊन परतले होते, ती जायच्या आधीच. सोमवारची वेळ चुकवायची नव्हती. तू दारात म्हणालीस, "जा. आई गेल्यावर काय वाटायला हवं ते तुझ्या मौनीबाबाला विचार." त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही.

मी खरंच विचारलं गं त्यांना. ती गेल्याचं कळलं त्याच दिवशी कोचावर पडून सगळं सांगितलं, तुझं वाक्यसुद्धा. मग ते म्हणाले, "आता तुम्ही रुसणार कोणावर?" बस, एवढंच. मी अशी रडले की उशीवरचा कापडी रुमाल बदलावा लागला. वाटलं, या एका वाक्यासाठी इतकी वर्षं घातली तर काही चुकलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "आईची तब्येत कशी आहे?"

मला वाटलं, माझ्या मनातल्या आईबद्दल विचारतायत. मी तसं उत्तर दिलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग मी सरळ सांगितलं की ती गेली, आणि ते मागे दचकले ते मला खुर्चीच्या आवाजावरून कळलं. "अरेरे, कधी?" म्हणाले. ताई, मी आई गेल्याचं त्यांना किती वेळा सांगितलं म्हणून सांगू. दर वेळी त्यांना तेवढंच वाईट वाटायचं. माझं मात्र सांगता सांगता पाठांतर झालं.

मी गप्प बसले असं समजू नकोस. त्या ज्येष्ठ बाईंना जाऊन स्पष्ट सांगितलं की सर विसरायला लागलेत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "विसरलं जाण्याची ही भीती तुम्हाला कधीपासून वाटते?" मी म्हटलं, बाई, भीती नाही हो, ते खरंच विसरतात. त्या म्हणाल्या, हे त्यांच्याकडेच बोला. बोलले. सरांनी विचारलं, "कोण विसरतं तुम्हाला?" आणि मी पढवलेल्या पोपटासारखी म्हणाले, ताई.

पुन्हा बाईंकडे गेले नाही. माझं म्हणणं खोटं ठरलं तर तो माझा आजार, आणि खरं ठरलं तर माझी सगळी वर्षं रद्द. पन्नाशीला कोणापुढे पुन्हा आडवी पडू आणि कुठून सुरू करू? आई जाताना मी ज्यासाठी तिच्यापाशी थांबले नाही, तेच रद्द झालं असतं.

मग एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, आई कशी आहे, आणि मी म्हटलं, बरी आहे.

झालं. तेव्हापासून आई तिथे बरी होती. ताईकडे असते, मी सांगायचे. पाय दुखतात, पण गच्चीत दोन फेऱ्या मारते. औषध घेताना तोंड वाकडं करते. ताई ओरडते, मग दोघी हसतात. त्या खोलीत तू मला रोज फोन करतेस. "जेवलीस का" विचारतेस, आणि मी नाही म्हटलं की शिव्या घालतेस. मी हॉस्पिटल सुटलं की धावत जायचे तिथे. आधी जाताना पाय जड व्हायचे, ते थांबलं. जिथे खरं बोलायला जायचं तिथे मी खोटं बोलायला जात होते, आणि मला बरं वाटत होतं. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती, तरी गेलेच.

समितीपुढे सर इस्त्रीचा शर्ट घालून आले. अगदी छान बोलले. म्हणाले, हिचं आईशी आणि बहिणीशी असलेलं नातं आता मोकळं झालंय, असा बदल मी फार कमी जणांत पाहिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनी माझा हात दाबला. मी उठून उभी राहिले, बोलायलाच उठले होते, आणि तोंडातून निघालं, "आभारी आहे."

बाहेर जिन्यात सरांकडे सुरुवात करणारी नवी डॉक्टरीण भेटली. तिनं विचारलं, कसे आहेत सर? मी म्हटलं, ऐकून घेतात. ती किती आनंदानं वर गेली.

परवापासून माझ्या एकटीच्या जबाबदारीवर पेशंट येतील. माझ्या डोक्यामागे आता कोणी नाही, आणि मी त्यांच्या डोक्यामागे बसणार. काय ऐकणार आहे मी, देव जाणे.

शेवटच्या दिवशी सर दारापर्यंत आले. असं ते कधी येत नसत. माझं नाव त्यांना आठवत नव्हतं, ते डोळ्यांत दिसत होतं. म्हणाले, "आईंना नमस्कार सांगा. आणि बहिणीला सांगा, तिनं आईसाठी फार केलं." मी म्हटलं, सांगते. हे मी तुला कधी बोलले नव्हते. आणि बोललं कोण, तर ज्याला आपण तिघी कोण हेही ठाऊक नाही. माझ्याकडून नको असेल तर त्यांच्याकडून घे.

नमस्कार मात्र पोचवता येणार नाही. दार लागलं तेव्हा तिथली आईही गेली. तुला कळवायला हवं, म्हणून हे पत्र. या वेळी मी शेवटपर्यंत तिथेच होते.

तुझी,
धाकटी