खाडीला दिलेलं आवर्तन

शिरूर,
ता. १४ मे २००१

चि. शाकीर यास,
रजियाआपाचा सलाम आणि आशीर्वाद, वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीनं. बाकी तू काही आमची खुशाली ठेवली नाहीस. टेलिफोन करणार होते, पण तुला जे ऐकवायचंय ते बूथवरच्या सगळ्या रांगेनं ऐकलं असतं. म्हणून पत्र.

वरवंडचे आनंदराव आप्पा तुझ्याकडून परत आले. आले ते थेट मार्केट यार्डात, आणि तिथं चहा पिता पिता त्यांनी तुझी जी आरती ओवाळली ती आता शिरूरपासून दौंडपर्यंत सगळ्यांना पाठ झाली आहे. आप्पा काय म्हणतात, तर समुद्र दाखवतो म्हणाला आन् वढ्यात नेऊन बसिवलं. समुद्र राहिला पाठीमागं, आणि तू होडी घातलीस खाडीत, आत, चिखलाकडे. सकाळपासून उन्हं डोक्यावर येईतो गळ टाकून बसले, हाती काय लागलं? एक शिंगाला. त्यानंही पृथ्वीराजच्या बोटात काटा मारला. पोराचा हात अजून सुजलेला आहे. आप्पांचा एकुलता एक मुलगा तो.

अरे, आप्पा म्हणजे कोण, हे तुला मी सांगायला हवं का? तुझ्या दुल्हाभाईंच्या दुकानात ज्या मोटारी वाइंडिंगला येतात, त्यातल्या निम्म्या त्यांच्या आणि त्यांच्या भावकीच्या विहिरींवरच्या. मीच त्यांना मोठ्या तोंडानं सांगितलं होतं की माझा भाऊ कोकणात होडी चालवतो, हौशी लोकांना मासे धरायला नेतो, एकदा जाऊन तर बघा. आता मी तोंड कुठं लपवू? मोठ्या माणसाला घरी बोलावून रिकाम्या हातानं पाठवायचं, ही कुठली रीत? सासुरवाडीला राहून आपली रीतही विसरलास का?

तुझी भाची निखत दहावीच्या निकालाची वाट बघते आहे आणि माझं डोकं खाते आहे. तहमीनाला सलाम. तिचा काही दोष नाही, हे मला माहीत आहे. उत्तर लगेच पाठव. पटण्यासारखं असेल तरच पाठव.

रागावलेली, तरी तुझीच,
रजियाआपा

*

सातखडी बंदर, जि. रायगड,
ता. २२ मे २००१

प्रिय रजियाआपा हिस,
शाकीरचा सलाम, वि. वि.

तुझं पत्र वाचलं. तहमीनानं वाचलं. तिच्या अब्बांना, अजीमचाचांना, मी वाचून दाखवलं नाही, कारण त्यांना तुझ्याबद्दल फार आदर आहे आणि तो तसाच राहू दे.

तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस की शाकीर, काय झालं. पाहुण्यानं सांगितलं आणि तू निकाल देऊन मोकळी झालीस. लहानपणी ताटातला मटणाचा तुकडा कुणी पळवला याची चौकशी तू याहून बरी करायचीस.

आता ऐक. उन्हाळ्यात आमची नदी आटते. नदी आटली की समुद्राला अडवणारं कुणी उरत नाही, आणि भरतीबरोबर खारं पाणी खाडीत वर वर चढतं. मे महिन्यात ते पार जुन्या पुलापर्यंत जातं. मिठामागं कोलंबी आणि बोय येतात, आणि त्यांना खायला तांबोशी, गोब्रा असे मोठे मासे येतात. म्हणून मी गळवाल्यांना समुद्राकडे नेत नाही, खाडीत वर नेतो. आप्पांना हे मी निघायच्या आधी सांगितलं होतं. ते तेव्हा मोबाइलला रेंज शोधत होते.

अजीमचाचांनी शिकवल्याप्रमाणे मी रोज सकाळी पाणी चाखतो. त्या दिवशी वळणावर ओंजळ तोंडाला लावली आणि गार पडलो. पाणी गोडं! आपल्या घोडनदीसारखं गोडं आणि वर गढूळ. भर मे महिन्यात! मासा काय वेडा आहे का तिथं थांबायला? मीठ खाली गेलं तसा तोही खाली खाडीच्या मुखाकडे गेला. मी आप्पांना म्हटलं की आज मुखाशी जाऊ, सगळा मासा तिकडं असणार. गेलो. पहिल्याच लाटेला पृथ्वीराजला उलट्या सुरू झाल्या आणि आप्पांनी होडी मागं फिरवायला लावली. हे त्यांनी मार्केट यार्डात सांगितलं का? नसेल सांगितलं.

पण आपा, मासे मिळाले नाहीत हे माझं दुखणं नाही. वरच्या धरणातून कुणीतरी नदीत पाणी सोडलं, आठवडाभर सोडलं. मासा पळून जाऊ शकतो, चिखलातल्या तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, कुठं पळणार? त्या जागच्या जागी मेल्या. शिंपले उघडून पडलेत आणि वास सुटलाय. पावसाळ्याच्या तोंडावर इथल्या बायकांचं सगळं घर त्या तिसऱ्यांवर चालतं. गावात बोलवा अशी उठली आहे की घाटावरच्या कुणीतरी शब्द टाकून पाणी सोडवलं. आणि सातखडीत घाटावरचा म्हणजे एकटा मी. पाहुण्यांना पाणी जास्त दिसावं म्हणून शाकीरनंच हे केलं, असं लोक म्हणतात. होडीवाल्यांच्या मंडळानं माझी धक्क्यावरून गिऱ्हाईक न्यायची पाळी बंद केली आहे. नारळी पौर्णिमेनंतर बैठक आहे. त्यात पाळी कायमची काढली, तर आम्हाला हे गाव सोडावं लागेल. सिंधूबाई म्हणून तिसऱ्यावाल्यांची म्होरकी आहे, ती तहमीनाला मुलीसारखी मानायची. आता विहिरीवर तोंड फिरवते. तहमीना रडते.

घाटावर कुणाला काय पडलंय आमच्या खाडीत पाणी सोडायचं? तूच सांग.

दुल्हाभाईंना सलाम. निखतला म्हणावं, पास होशील. माया थोडी उरली असेल तर ठेव.

तुझा,
शाकीर

*

शिरूर,
ता. ३ जून २००१

चि. शाकीर यास,
रजियाआपाचा सलाम, वि. वि.

निखत पास झाली. पेढे पाठवता येत नाहीत, समज की खाल्लेस.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं, पण राग काही उतरला नाही. उलट चढला. तू लिहितोस की पाणी होतं, भरपूर होतं. अरे, मग तर तुला तोंडच नाही! घोडनदीला धरणातून आवर्तन सुटलं की काय होतं, विसरलास? मासे पाण्यावर चढतात, पोरं धोतरानं धरतात. तू स्वतः शाळा बुडवून बंधाऱ्याखाली उभा असायचास आणि मार मी खायचे.

आणि ते पाणी आप्पांनी खास तुझ्यासाठी सोडवलं होतं. हो, तुझ्यासाठी! परवा ते दुल्हाभाईंच्या दुकानात सगळ्यांदेखत सांगत होते. तुमच्याकडच्या धरणावर जे साहेब आहेत, ते आधी दौंडला होते. आप्पांनी त्यांना सांगितलं की आम्ही मासे धराय येतोय, नदी कोरडी नगं, आठ दिस पानी सोडा, गावाचंबी भलं व्हईल. एवढा मोठा माणूस तुझ्या होडीसाठी शब्द टाकतो, पाण्याची सोय करून येतो, आणि तरी तुला चार मासे दाखवता येत नाहीत. याला काय म्हणायचं?

तहमीनाला म्हणावं रडू नको. पत्र लिही.

तुझी,
रजियाआपा

*

सातखडी,
ता. ९ जून २००१

आपा,

सलाम. आज मायना वगैरे काही नाही.

तू जे लिहिलं आहेस ते परत एकदा वाच. दुल्हाभाईंना वाचायला दे. निखत पास झाली आहे ना, तिलाही दे.

घोडनदीचा मासा गोड्या पाण्यात जन्मला, त्याला आणखी गोडं पाणी म्हणजे सण. आमचा मासा मिठातला आहे. त्याला मे महिन्यात नदी अंगावर सोडणं म्हणजे जेवायला बसलेल्याला हात धरून उठवणं. आप्पांनी स्वतःच आपले मासे हाकलले, मग येऊन रिकाम्या पाण्यात गळ टाकला, आणि चोर ठरलो मी! त्यांच्या हौसेपायी सिंधूबाईच्या तिसऱ्या मेल्या आणि गाव बोट दाखवतं माझ्याकडे. वर तू मला विचारतेस, याला काय म्हणायचं!

धरण त्यांचं नाही, नदी त्यांची नाही, खाडी तर त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. इथल्या एका माणसाला विचारायचं होतं. एका बाईला विचारायचं होतं.

मी मंडळाला जाऊन सांगितलं की हे काम वरवंडच्या पाहुण्याचं आहे. मंडळ म्हणालं, पाहुणा कुणाचा? तुझाच. तूच सांगितलं असणार त्याला. आपा, मी सांगितलं नाही, हे एकच माणूस खरं करू शकतो आणि तो तुझ्या दुल्ह्याच्या दुकानात चहा पितो आहे. त्यांच्याकडून मंडळाला तसं लिहून आलं तर माझं घर राहील. नाही आलं, तर बैठकीनंतर राहायला आमच्यासाठी एक खोली बघून ठेव.

शाकीर

*

शिरूर,
ता. १ जुलै २००१

माझ्या शाकीर,
सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मी परत वाचलं. माझंही वाचलं. माझं वाचताना मला माझीच लाज वाटली. माफी मागणार नाही, मी मोठी आहे. पण इतकी वर्षं ओळखत असलेल्या भावाला सोडून मी आप्पांचं खरं मानलं, हे मला रोज टोचतं.

दुल्हाभाई म्हणाले, आप्पांच्या वाटेला जाऊ नकोस, धंदा बुडेल. मी म्हटलं, मोटारी जळायच्या थांबणार आहेत का? आणि निखतला घेऊन वरवंडची एसटी धरली.

आप्पा ओसरीवर होते, पाचपन्नास माणसं भोवती. मी भांडायचं ठरवून गेले होते. पण म्हटलं, हा माणूस भांडून काही कबूल करायचा नाही. म्हणून गोड बोलले. मी म्हटलं, आप्पा, तिकडं पाणी तुम्ही सोडवलंत आणि नाव भलत्याचंच होतंय, लोक म्हणतात शाकीरनं सोडवलं. झालं! आप्पा उसळले. म्हणाले, त्याची काय पोच हाय व्हय? त्याला तर ठावंबी न्हवतं! आणि निखतच्या हाती कागद देऊन तिथल्या तिथं मजकूर सांगायला लागले. सही ठोकली, त्यांच्या दूधडेअरीचा शिक्काही मारला.

कागद माझ्या पिशवीत पडला होता. गपचूप निघाले असते तर काम झालं होतं. पण शाकीर, मला राहवेना. ज्यानं इतकं नुकसान केलं त्यानं अभिमानानं हसत बसावं आणि मी मान डोलवत घरी यावं? मी तिथंच उभी राहिले आणि सगळं सांगितलं. मीठ, मासा, तिसऱ्या, सिंधूबाई, तहमीना. माझा आवाज चढला असणार, कारण आतून सारजाबाई, आप्पांच्या मालकीण, बाहेर आल्या. आप्पांचा चेहरा उतरला. म्हणाले, मला काय ठावं मिठाचं? आन् तो कागद द्या हिकडं.

मी पिशवी घट्ट धरली. तेवढ्यात सारजाबाई म्हणाल्या की कागदावर लिवलंय ते खरं हाय का न्हाई? आप्पा म्हणाले, खरं हाय, पण... सारजाबाई म्हणाल्या, खरं हाय तर मग जाऊ द्या.

आप्पांनी कागद मागून घेतला. मला वाटलं फाडतात. त्यांनी फाडला नाही. खाली स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहिल्या आणि माझ्याकडे न बघता परत दिला. तो सोबत पाठवते आहे.

दुल्हाभाईंकडे वरवंडची एकही मोटार तेव्हापासून आली नाही. येईल. नाही आली तर पाबळची येईल. तू खोली बघ म्हणाला होतास, मी बघितली नाही आणि बघणारही नाही.

तुझीच, आणि आता पुरती तुझ्याच बाजूची,
रजियाआपा

*

मु. पो. वरवंड, ता. दौंड, जि. पुणे,
ता. २८ जून २००१

मा. अध्यक्ष व सर्व सभासद, होडीवाले मंडळ, सातखडी यांस,
आनंदराव यांचा स. न. वि. वि.

आपल्या नदीस मे महिन्यात जे पाणी आले, ते आमच्या शब्दावरून सोडण्यात आले, हे आपणास कळावे. सदर कल्पना सर्वस्वी आमची असून आम्ही ती कोणाच्याही सांगण्यावरून किंवा कोणासही विचारून अमलात आणलेली नाही. होडीवाले शाकीर यांना याची काडीमात्र कल्पना नव्हती. तरी या कामाचे श्रेय त्यांनी अगर अन्य कोणी घेऊ नये. आपल्या भागाच्या विकासासाठी आम्ही यापुढेही तत्पर राहू. मंडळाने सत्काराचे योजल्यास तारीख आगाऊ कळवावी, म्हणजे सोयीचे होईल.

आपला स्नेहांकित,
आनंदराव

ता. क. वरील मजकूर खरा आहे. सत्कार नको. शाकीरची पाळी त्याची त्याला द्या.

*

सातखडी,
ता. १२ ऑगस्ट २००१

प्रिय आपा हिस,
शाकीर, तहमीना आणि अजीमचाचांचा सलाम, वि. वि.

काल बैठक झाली. चिटणिसांनी आप्पांचं पत्र मोठ्यानं वाचलं. सत्काराच्या ओळीला सगळा मांडव हसला, आणि ताजा कलम वाचला तेव्हा हसू थांबलं. पाळी मला परत मिळाली. अध्यक्षांनी हात धरून पहिल्या रांगेत बसवलं. तहमीना पुन्हा रडली, पण हे रडणं निराळं होतं.

आपा, सगळं गोड झालं असं मात्र समजू नकोस. पाळी आली, तिसऱ्या नाही आल्या. चिखल रिकामा आहे. अजीमचाचा म्हणतात, बी पुन्हा धरायला दोन उन्हाळे तरी जातील, तेही कुणी पाणी सोडलं नाही तर. त्या साहेबाला कुणी काही विचारलं नाही आणि विचारणारही नाही. त्या बायका आता विटा वाहायला जातात.

बैठक उठताना सिंधूबाई तहमीनाजवळ आली. तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली आणि आप्पांना निरोप दिला. तो आहे तसा कळवतो, तू वरवंडला पोचव. म्हणाली की तो मोठा मानूस हाय ना, सांगून पानी सोडवतो? मंग त्याला म्हनावं, आता जरा मीठबी सोडव.

दुल्हाभाईंना सलाम, निखतला प्यार. आमच्यावरची माया अशीच राहू दे, रागासकट.

तुझा,
शाकीर