प्राचीचा क्लाउड

मंगळवार, संध्याकाळ. देवपूर.

दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ साठवायला माझा सर्व्हर नको, माझ्याबरोबर दुकानात काम करणाऱ्या प्राचीचा क्लाउड हवा, असं आज ठरलं. सर्व्हर जिनिंगच्या ऑफिसातच ठेवू म्हटलं, तर मालक नाना हसले, "पोरी, आठे रुई उडस. तुना डबा गुदमरी जाई!"

वडील इथल्या एका जिनिंगमध्येच कामाला, रोज कानात रुई घेऊन घरी येतात. घरात शिकलेली मी पहिली, आणि मलाच हे सुचू नये? प्राचीने तर जिनिंग कधी पाहिलंसुद्धा नाही. तरी आमच्या कॅमेऱ्यांच्या दुकानाचे मालक भाऊ तिलाच म्हणाले, "शाब्बास!" मला कधी म्हणाले होते?

घरी आल्यापासून तिच्या प्लॅनमध्ये खोट शोधत होते. सापडली. नेट गेलं की रेकॉर्डिंग बंद, आणि तिथे नेट सारखं जातं. गप्प बसावं का? तो "शाब्बास" परत घ्यावा लागेल त्यांना. पण नेमकी तेव्हाच चोरी झाली तर? नानांचा काय दोष?

शेवटी प्राचीला फोन केला. म्हटलं, प्रत्येक कॅमेऱ्यात मेमरी कार्डही टाकू.

"अगं, भारी! भाऊंना तूच सांग हं, तुला सुचलंय."

निदान हे तरी तिने स्वतःच्या नावावर खपवायचं होतं. मला तिचा धड रागही करू देत नाही.