काशाच्या वाटीचा काळा रंग

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या हमीदाभाभी आज आमची काशाची वाटी मागायला आल्या. त्यांच्या मिस्टरांची केमो सुरू झाली आहे. "भावजी, ह्यांच्या पायांची नुसती आग होते. वहिनींना बरं वाटायचं ना?"

"झोप लागायची," मी म्हणालो. तेवढंच खरं. कातडी फुटली असेल तर चोळू नका, आधी डॉक्टरांना विचारा, हेही सांगितलं. वाटी उद्या देतो म्हणालो. आज का दिली नाही, कोण जाणे.

सुमन गेल्यापासून ती फडताळात तशीच होती, बुडाला काळं तेल. केमोच्या दिवसांत मी रोज खोबरेल लावून त्या वाटीने हिचे तळपाय हलके चोळायचो. ते काळे व्हायचे. ही म्हणायची, "बघा, आज केवढा आजार बाहेर काढलात! डॉक्टर उपाशी मरतील अशाने." मी हसायचो. खरंच काहीतरी बाहेर पडतंय, असं मला वाटायचं.

आज वाटी धुण्याआधी माझ्याच पायाला चोळून पाहिली. मला काही झालेलं नाही. तरी पाय तेवढाच काळा झाला.

म्हणजे रंग काशाचाच. सुमनला माहीत नसेल? माझ्या आईचे पाय म्हातारपणी तीच या वाटीने चोळायची, आणि आईला तर कसलाच आजार नव्हता.

तिला माहीत होतं. मग रोज ते कोणासाठी म्हणायची?

वाटी चिंचेने घासून ठेवली आहे. भाभींना रंगाचं काही सांगणार नाही.