डब्यातल्या लाल गोळ्या

प्रिय रेणू,

अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, सांभाळून घे. फोनवर तू ‘बाळ बरं आहे, आई’ एवढंच बोलून ठेवतेस आणि माझं बोलायचं राहूनच जातं. आता माहेरीच राहायचं म्हणतेस, असं माझा वीरेंद्र सांगत होता. त्याने बाळाचा फोटो दाखवला. साडेतीन किलो झालं म्हणे. जन्मलं तेव्हा एक किलो सहाशे होतं, भंडाऱ्याच्या दवाखान्यात वीस दिवस काचेच्या पेटीत होतं. फोटो पाहून मी रडले.

इकडे धान कापून झालं. शेतात, बांधीत गेले की सातव्या महिन्याची तू रोवणीला वाकलेली दिसतेस. घरी आल्यावर तुझ्या ताटातला भात मी कमी करायची. शालूच्या गरोदरपणात मात्र डबे भरभरून लाडू भंडाऱ्याला नेले. लेक आणि सून, असं लोक म्हणतील, आणि थोडं ते खरंही आहे. पण शालूचं अडलं असतं तर डॉक्टर दोन गल्ल्यांवर होता. तुझं अडलं असतं तर आपल्या नाकाडोंगरीत कोण होतं? माझं पहिलं लेकरू मोठं होतं. तुमसरच्या वाटेवर, बैलगाडीतच अडून गेलं. तेव्हापासून मनात पक्कं बसलं, की बाळ लहान असलं म्हणजे बाई सुटते.

गावातल्या आशाताईंना हे सांगितलं तर त्या चिडल्याच. ‘लेकराले पोटातच उपाशी ठेवलं काय, काकू? काहून विचारलं नाही मले?’ आता शेजारच्या तुळसाला पाचवा महिना आहे. दर महिन्याला मीच तिला बसने तुमसरला तपासणीला नेते. तिचं ताट तिच्या सासूसमोर मीच भरून वाढते. सासू नाक मुरडते, मुरडू दे.

एक गोष्ट अजून कोणाला सांगितली नाही. रक्तवाढीच्या लाल गोळ्या का घेतल्या नाहीस, म्हणून दवाखान्यात सिस्टर तुला रागावल्या. तू माझ्याकडे पाहिलंस, कारण गोळ्या संपल्या असं मीच तुला सांगितलं होतं. गोळ्या संपल्या नव्हत्या, रेणू. त्या गोळ्यांनी बाळ पोटात फार वाढतं म्हणून मी त्या तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या. अजून तिथेच आहेत. सोमवारी त्या घेऊन मी लाखांदूरला, तुझ्या माहेरी येते. तुला परत न्यायला नाही, तुझ्या आईसमोर हे सगळं कबूल करायला. त्यानंतर बाळ माझ्या मांडीवर द्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
आई (शकुनबाई)