लाल पट्टीचं इंजिन आणि माझं बाकीचं सामान

मी लाल पट्टी बदलली. हे आधी लिहून मोकळा होतो, कारण शेजारच्या खाटेवरचे गिबिन्सआजोबा म्हणाले की मृत्युपत्रात सुरुवातीलाच आपण कोण ते खरं खरं लिहायचं असतं. आजोबा जन्मभर वकिलाकडे कारकून होते, त्यांना ठाऊक. तर मी तोच, ज्याने ऑस्ट्रियाच्या शर्यतीआधी एका इंजिनाची लाल पट्टी काढून दुसऱ्याला चिकटवली.

आता कायद्याचं. मी क्लाइव ट्रॅस्लर, वय तेवीस, धंदा रेसच्या गाड्यांचा मेकॅनिक, राहणार डॅव्हेंट्री, सध्या मुक्काम नॉर्थॅम्प्टनचं हॉस्पिटल, असं लिहून देतो की माझं रक्त नासलंय पण डोकं शाबूत आहे. डॉक्टरीणबाई तसं म्हणतात. आई म्हणते, ते आधी तरी कुठे होतं? मला कोणी दमदाटी केलेली नाही, दारू पाजलेली नाही, मागितली तरी पाजत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केल्याचं कुठे सापडलं तर ती चेष्टा समजावी. हे सगळं पार पाडायचं काम माझ्या बहिणीचं, जॅनिसचं. जॅने, रडत बसू नकोस. वाच.

कलम एक. पोस्टातले पैसे आईला. ती त्यातून माझ्यासाठी थडग्याचा मोठा दगड आणायला जाईल. तिला आणू देऊ नये. पाणी तापवायचा बंब गळतोय तो आधी बदलावा. दगडावर 'लाडका' वगैरे काही लिहू नये, गल्लीतले हसतील.

कलम दोन. मोटरसायकल जॅनिसला. फक्त जॅनिसला. तिचा नवरा केन याने गाडीवर बसू नये, ती पुसूही नये. माझं ड्रिल मशीन 'तासाभरात देतो' म्हणून नेलं आणि त्याच्या बापाच्या तळ्यात पडलं म्हणून सांगितलं. तळ्यावर ड्रिलचं काय काम होतं, हे मी मरायच्या आत त्याने सांगितलं तर या कलमाचा फेरविचार होईल.

कलम तीन. रबरी उंदीर आमचे मालक क्रॉक्सफर्डसाहेब यांना. साहेब, तुमच्या हातमोज्यात तो मी ठेवला होता. तुम्ही उगाच रंगाऱ्याला झापलंत.

कलम चार. माझी हत्यारांची पेटी, सगळ्या पान्यांसकट, आमचे उस्ताद डग टॅरी यांना. याचं कारण लांबडं आहे पण लिहायलाच हवं.

आमची टीम म्हणजे कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये दोन गाड्या. आर्व्हिड लिंडेल, स्वीडनचा, एक नंबरचा ड्रायव्हर. दोन नंबरचा जाइल्स पेनिफादर. त्याच्या बापाचा बिस्किटांचा कारखाना, गाड्यांवर नाव बिस्किटांचंच. इंजिनं बाहेरून बांधून यायची. दोन्ही दिसायला जुळी, पण एक नेहमी जरा जास्त जोरदार निघायचं. उस्ताद ते तपासायचे, त्यावर लाल पट्टी लावायचे, आणि ते एक नंबरच्या गाडीत जायचं. सगळीकडे हीच रीत. यावर कोणी बोलत नाही.

मी बोललो. पबमध्ये उस्ताद सांगत होते की शेवटी सगळं माणसावर असतं, गाडी काय, लोखंड.

"मग चांगलं लोखंड नेहमी आर्व्हिडलाच कशाला?" मी म्हटलं. "जाइल्सला देऊन बघा. तोही पळेल."

"जाइल्स?" उस्तादांनी ग्लास खाली ठेवला. "त्याला विमानाचं इंजिन दे. तरी तो वळणावर थांबून पत्ता विचारेल."

"लावता पैज?"

"लाव की, दीडशहाण्या. हरलो तर आमच्या हिच्या हातची, मांस भरून भाजलेली अख्खी पोर्क पाय तुझी. पण क्रॉक्सफर्ड तुला इंजिन बदलू देणार आहे होय?"

त्यांना वाटलं ते तिथेच संपलं. मी दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत, उस्ताद फोनवर असताना, पट्टी उचलली आणि बाजूच्या इंजिनाला लावली. माशी उडवायला लागतो तेवढाच वेळ लागला, आणि जोरदार इंजिन जाइल्सच्या गाडीत गेलं. मला वाटलं, शर्यत झाली की सांगू, सगळे हसतील, उस्ताद कानाखाली देतील, झालं.

ऑस्ट्रियात चढावर लांबलचक सरळ रस्ता आहे. तिथे ड्रायव्हरने नुसतं पाय दाबून बसायचं, बाकी इंजिन करतं. जाइल्स त्या चढावर सुसाट सुटायचा. आर्व्हिड तिथे मागे पडायचा, दिसेनासा व्हायचा, आणि वळणं संपली की परत जाइल्सच्या शेपटाला! दर फेरीला. सरळ रस्त्यावर जे लुटलं जायचं ते तो वळणात वसूल करून आणायचा. मी भिंतीपाशी ड्रायव्हरला फेऱ्या दाखवायची पाटी धरून उभा होतो. तो काय घेऊन पळतोय हे त्या अख्ख्या डोंगरावर फक्त मला माहीत होतं. माझं हसू कधी गेलं ते कळलं नाही. असं गाडी चालवणं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि आता तर काय पाहणार.

जाइल्स सहावा, आर्व्हिड सातवा. सहाव्याला एक गुण मिळतो, सातव्याला काही नाही. आमच्या टीमचा जन्मातला पहिला गुण! क्रॉक्सफर्डसाहेब रडले, जाइल्सच्या गालांचे मुके घेतले. आर्व्हिड टायरवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होता.

आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेब ओरडले, "आजपासून जाइल्स एक नंबर!" मग कसला बोलतोय. पुढच्या शर्यतीला इंजिनं नवी बांधून आली, उस्तादांनी खरी लाल पट्टी लावली, आणि ते इंजिन रीतीप्रमाणे जाइल्सच्या गाडीत गेलं. मी एकदाच चोरलं, पुढे रीतच चोरत राहिली. आर्व्हिड मागे पडत गेला. पेपरवाले लिहायला लागले, लिंडेल संपला.

उस्तादांच्या हिशेबी कमी इंजिनाचा जाइल्स पुढे आला होता, म्हणून त्यांनी पोर्क पाय आणून दिली. म्हणाले, "खा लेका. मी म्हातारा झालो. मला माणूस ओळखता येत नाही आता." त्यानंतर ते पबमध्ये कधी वाद घालायला बसले नाहीत. मी ती पोर्क पाय त्यांच्यासमोर अख्खी खाल्ली. खरं तर पैज तेच जिंकले होते, चांगलं लोखंड असूनही जाइल्सला आर्व्हिड झटकता आला नव्हता. म्हणून पेटी त्यांना.

कलम पाच. मोसम संपल्यावर आर्व्हिडने शर्यत सोडली. मी गेल्यावर जॅनिसने स्वीडनला फोन लावून हे कलम चार त्याला मोठ्याने वाचून दाखवावं. त्याला कळायलाच हवं.

इथवर परवा लिहिलं. आज पुढचं लिहितोय. अक्षर लागलं नाही तर माफ कर.

काल आर्व्हिड आला होता. इंग्लंडातलं बिऱ्हाड आवरायला आलेला, कोणीतरी माझं सांगितलं. आल्याच्या बिस्किटांचा डबा आणला. सासऱ्यांच्या दुकानात ट्रॅक्टर विकतो म्हणाला.

"किती पळतात?" मी विचारलं.

"गाईच्या पुढे," तो म्हणाला. दोघंही हसलो. मला खोकला आला, त्याने पाणी पाजलं. पाकिटातून पोरीचा फोटो काढून दाखवला. पुढचे दात पडलेले.

मग हळूच म्हणाला, "क्लाइव, मला एका टीमचा फोन आलाय. पुढच्या वर्षी चालवशील का म्हणून. मी उत्तर दिलेलं नाही."

मी डब्याचं झाकण उघडलं.

"ऑस्ट्रियात माझ्याकडे होतं ते सगळं मी दिलं. त्याच्यापलीकडे माझ्यात काही नव्हतं. आणि तरी जाइल्स पुढे. जाइल्स! म्हणून सोडलं. पण रोज तेच डोक्यात येतं." तो पुढे वाकला. "इंजिन तू बसवलंस. खरं सांग, बरोबर होतं ना? जरा जरी कमी होतं म्हणालास, तर इथूनच खाली जाऊन फोन करतो. हो म्हणून."

जॅने, हेच तर मला सांगायचं होतं. जिभेवर होतं. पण या मोसमात आम्ही आमच्यातल्या दोघा ड्रायव्हरांना पुरलं. दोघंही शर्यतीत मागे राहणाऱ्या टीमचे, कमी इंजिनाच्या गाडीतून वळणात वसुली करायला गेलेले. आर्व्हिडसारखेच. आणि त्याला जिचा फोन आला होता तीही मागेच राहणारी टीम असणार. पुढची कोण बोलावणार त्याला?

"एकदम टकाटक होतं," मी म्हटलं. "उस्तादांनी स्वतः तपासलं होतं."

त्याने मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. "बरं झालं विचारलं," म्हणाला. "माझी बायको बिर्गिट खूश होईल." मग डबा बंद करायला गेला. ते मरतुकडं इंजिन ज्या हातांनी त्या डोंगरात ओढून नेलं, त्या हातांना बिस्किटाच्या डब्याचं झाकण लागेना. शेवटी नर्सने लावलं.

म्हणून कलम पाच रद्द. ते खोडायला गेलो तर खालचं सगळं वाचता येतंय, आणि नव्याने लिहायची ताकद नाही.

कलम सहा. जाइल्स पेनिफादरला काही नाही. तो मला कॉलिन म्हणतो. पुढच्या वर्षी त्याला सगळ्यात चांगली गाडी मिळतेय. तो जिंकेल. लोक म्हणतील, जन्मजात हिरा.

कलम सात. पेटीबरोबर एक पोर्क पाय घेऊन जॅनिसने टॅरींकडे जावं. कशाबद्दल विचारलं तर सांगावं, क्लाइवला शेवटी भूक नव्हती. जास्त बोलू नये. ते हुशार आहेत.

कागद घडी घालून धरला, सही तेवढी दोघांसमोर केली. आतलं त्यांनी वाचलेलं नाही. आजोबांनी प्रयत्न केला, पण त्यांचा चष्मा माझ्याकडे आहे.

सही: क्लाइव ट्रॅस्लर
साक्षीदार: हर्बर्ट गिबिन्स, निवृत्त कारकून, शेजारची खाट
साक्षीदार: ब्रीदा कॉस्टेलो, नर्स
नॉर्थॅम्प्टन, १९ नोव्हेंबर १९७४

सहीच्या खाली लिहिलेलं चालत नाही म्हणतात. नाही चाललं तर नाही. जॅने, किंवा मृत्युपत्राच्या कचेरीतला जो कोणी हे उघडेल तो, तुमच्या पाया पडतो. आजवर 'कोणाला सांगू नका' म्हणून मी जे जे सांगितलं ते सगळं गावभर व्हावं म्हणूनच सांगितलं होतं. हे तसं नाही. आर्व्हिड परत विचारायला येईल, त्याचं समाधान झालेलं नाही, मी पाहिलंय. त्याला सांगा, इंजिन चांगलं होतं. त्याच्या तोंडाकडे न बघता सांगा. आणि हे कोणाला, देवाशपथ, कोणालाच सांगू नका.